करंगळी वर झाली की…

प्राथमिक शाळेत बसलेल्या प्रत्येकाला एक खूण ठाऊक असते. हाताची करंगळी वर केली की बाई मान हलवतात आणि मूल वर्गाबाहेर पळते. तोंडातून एक अक्षर काढावे लागत नाही. पण हेच मूल आईचा पदर धरून बाजारात, एसटी स्टँडवर किंवा तहसील कचेरीच्या रांगेत उभे असते, तेव्हा मान हलवणार कोण? आणि मूल पळणार कुठे?

आज मला या अगदी साध्या, रोजच्या, पण चारचौघांत कुणी न काढणाऱ्या विषयावर बोलायचे आहे. घरातले एकच मोठे माणूस, बहुतेक वेळा आईच, दोन-तीन लहान मुलांना घेऊन बाहेर पडते. एक कडेवर, एक हाताशी, खांद्याला पिशवी. आणि भर गर्दीत हाताशी असलेले मूल हळूच म्हणते, "अम्मी, आली!" पुढची पाच मिनिटे त्या माउलीने काय करायचे? सोबत कुणी नाही, सामान कुणाजवळ ठेवता येत नाही, धाकट्याला बाहेर सोडता येत नाही. हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो. पण ज्याच्यावर वेळ येते त्याला हसू येत नाही.

आपल्या भाषेने या क्रियेभोवती किती पडदे लावले आहेत पाहा. कुणी 'एक नंबरला' जाते, कुणी 'जाऊन येते', गावाकडे 'परसाकडे' जातात. पुस्तकी मराठीत तर तिला 'लघुशंका' म्हणतात. मला या शब्दाची नेहमी गंमत वाटते. मोठ्या माणसाला शंका येत असेल. लहान मुलाला शंका कधीच येत नाही, त्याची थेट खात्रीच झालेली असते!

पडद्याआड ठेवलेल्या गोष्टीची सोय कुणी करत नाही, आणि मग तिची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. आमच्या वस्तीतल्या एका तरुण आईचे उदाहरण सांगते. मोठ्या दवाखान्यात जायचे असले की ती सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. मुलांनाही देत नाही. "उगाच वाटेत लागायला नको," असे म्हणते. मे महिन्याच्या उन्हात तिची दोन्ही मुले सुकल्या तोंडाने रांगेत बसलेली मी पाहिली आहेत. स्वच्छतागृह कुठे आहे ते माहीत नाही, असले तरी मुलांना घेऊन आत कसे शिरायचे ते सुचत नाही, म्हणून तहान मारायची. असे करणाऱ्या बायका आपल्या आसपास पुष्कळ आहेत. म्हणून या विषयाची नीट उकल करायला हवी.

पहिल्यांदा हे समजून घेऊ, की मूल अगदी शेवटच्या क्षणी का सांगते. "घरातून निघताना का नाही सांगितलेस?" हा आयांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर मुलाच्या हट्टात नसते, शरीरात असते. लहान मुलाच्या मूत्राशयात किती मावते याचा एक ढोबळ हिशेब डॉक्टर मंडळी वापरतात. मुलाच्या वयाच्या वर्षांत एक मिळवायचा आणि तीसने गुणायचे. येईल तितके मिलिलिटर. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाचे सुमारे ९०, चार वर्षांच्या मुलाचे १५० आणि सात वर्षांच्या मुलाचे २४० मिलिलिटर. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर सहज मावते. चार वर्षांच्या मुलाची पिशवी म्हणजे जेमतेम चहाचा एक कप! त्यात रिकाम्या जागेचा अंदाज घेण्याची आणि स्नायू आवळून धरण्याची सवय अजून पुरती मुरलेली नसते. मोठ्या माणसाला पहिली सूचना मिळाल्यावर बराच वेळ कळ काढता येते; मुलाची सूचना आणि निकड यांत काही मिनिटांचेच अंतर असते. शिवाय मूल खेळण्यात, फुगेवाल्याकडे पाहण्यात किंवा बसच्या खिडकीत रमले, की पहिली सूचना त्याच्या ध्यानातच येत नाही. म्हणून ते शेवटची सांगते.

यातून एक व्यवहारी धडा निघतो. मुलाच्या तोंडाकडे पाहून चालत नाही, घड्याळाकडे पाहावे लागते. निरोगी मूल दिवसाला साधारण चार ते सात वेळा लघवीला जाते, म्हणजे जागेपणी दर दोन-तीन तासांनी. तेव्हा बाहेर असताना दर दोन तासांनी, सोय दिसली की, "लागली का?" असे न विचारता "चला, आता आपण सगळे जाऊन येऊ," असे म्हणावे. "लागली का?" या प्रश्नाला मुलाचे उत्तर हमखास 'नाही' असते. आणि मुलाच्या अंगाच्या खुणा ओळखाव्यात. पायावर पाय चढवणे, टाचेवर बसणे, जागच्या जागी नाचणे, नाहीतर बडबडे मूल एकाएकी गप्प होणे, या सगळ्या सूचनाच आहेत.

मोठ्या विधीचेही असेच एक वेळापत्रक असते. पोटात अन्न गेले की मोठे आतडे हालचाल करू लागते. त्यामुळे न्याहारीनंतर किंवा जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत पुष्कळ मुलांना शौचाला होते. बाहेर निघायच्या दिवशी मुलांना थोडे लवकर उठवून, खाऊ घालून, घरच्या शौचालयात निवांत बसू द्यावे आणि मगच निघावे. खायला घालून लगेच बस पकडली, तर पहिल्या अर्ध्या तासातच पंचाईत होते.

आणि दाबून ठेवणे हा उपाय नाही, तो रोग आहे. घाणेरडे शौचालय पाहून मूल शौच दाबून धरते. मग ते घट्ट होते, पुढच्या वेळी दुखते, दुखते म्हणून मूल आणखी दाबते. असे चक्र सुरू होते आणि बद्धकोष्ठ जडते. भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते, त्यामुळे लघवीही वारंवार लागते, कधी चड्डीतच होते. लघवी फार वेळ धरून ठेवल्याने आणि पाणी कमी प्यायल्याने मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्यांना हा त्रास अधिक होतो. लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा थोडी थोडी लघवी, ओटीपोटात दुखणे, कारण नसता ताप, यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. तेव्हा पाणी तोडू नका. एकदम पेलाभर देण्यापेक्षा घोटाघोटाने देत राहा. आईनेही स्वतः प्यावे. प्रवासात चहा आणि बाटलीतली गोड शीतपेये मुलांना न दिलेलीच बरी.

आता पिशवीबद्दल. आमच्या मुसलमान घरांत 'तहारत' म्हणजे पाण्याने होणारी शुद्धता मुलाला फार लवकर शिकवतात. अंगावर लघवीचा थेंब उडाला तर त्या कपड्यांत नमाज पढता येत नाही, त्यामुळे घरात तोटीचा बधना आणि मनात ती काळजी सदैव असते. पण पाण्याची गरज काही एका धर्माची नाही. कुणाचा बधना, कुणाचा तांब्या, कुणाचे टमरेल. पाण्यावाचून आपल्याकडे कुणाचेच भागत नाही. आणि सार्वजनिक स्वच्छतागृहात नळ असला तर मग नसतो, मग असला तर नळाला पाणी नसते. म्हणून अर्ध्या लिटरची एक बाटली केवळ धुण्यासाठी वेगळी ठेवावी. तिच्या झाकणाला दाभणाने दोन-तीन भोके पाडली, की थोड्या पाण्यात काम होते आणि कपडे भिजत नाहीत. ही बाटली प्यायच्या बाटलीसारखी दिसू नये, एवढे मात्र पाहावे. तिला रंगीत दोरा बांधला तरी पुरते.

तिच्या जोडीला प्रत्येक मुलामागे दोन चड्ड्या आणि एक पँट, जुन्या सुती कापडाचे तुकडे, ओले कपडे ठेवायला दोन प्लास्टिकच्या पिशव्या, कागदी साबण किंवा साबणाची चकती, एक जुने वर्तमानपत्र आणि सुट्टे पैसे. आता मोबाइलवरून पैसे देता येतात, हे खरे. पण एका हाताने मूल धरलेले असताना दोन रुपयांसाठी मोबाइल काढणे म्हणजे दिव्यच. नाणी कुर्त्याच्या खिशात किंवा कमरेच्या बटव्यात हाताशी हवीत. मूल तीन वर्षांच्या आतले असेल तर झाकणाचे छोटे प्लास्टिकचे भांडे बरोबर ठेवल्यास आडवाटेला फार उपयोगी पडते. तान्ह्याचा डायपर दर तीन-चार तासांनी, आणि शी झाल्यास लगेच बदलावा. काढलेला डायपर कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यातच टाकावा. शौचकूपात टाकू नये. रेल्वेच्या डब्यांत आता जैव शौचालये असतात. त्यांत डायपर, बाटली किंवा कापड टाकले की ती तुंबतात आणि पुढच्या शेकडो मैलांचा प्रवास साऱ्या डब्याला नकोसा होतो.

निघण्याआधी ठिकाणांची यादी मनात हवी. नव्या जागी पोचल्यावर पहिले काम कचेरीची खिडकी शोधण्याचे नाही, स्वच्छतागृह शोधण्याचे. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, सरकारी रुग्णालय, मोठी दुकाने, महामार्गावरचे पेट्रोल पंप, या ठिकाणी सहसा सोय असते. पेट्रोल पंपांनी ग्राहकांसाठी शौचालय ठेवायचे असते, त्यामुळे मागायला संकोच करू नये. देवळांच्या भक्तनिवासात विचारून पाहावे. बऱ्याच मशिदींत वजू करायची आणि शौचाची जागा असते. पण ती पुष्कळ ठिकाणी पुरुषांच्याच वापराची असते, आणि बाहेर मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईला तिचा उपयोग नसतो. हे बदलायला हवे, असे मी आमच्या लोकांनाही सांगत असते.

मुंबईच्या उपनगरी लोकलगाड्यांत शौचालय नसते. कसाऱ्याहून, खोपोलीहून किंवा डहाणूहून मुंबईला निघालेल्या आईपुढे दोन-अडीच तासांचा प्रवास असतो. अशा वेळी चढायच्या स्टेशनवर मुलांना नेऊन आणावे आणि मधल्या एखाद्या मोठ्या स्टेशनवर उतरावे लागेल, हे धरूनच वेळेचा हिशेब करावा. साध्या एसटीतही ही सोय नसते. गाडीत चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवावे, "भाऊ, बरोबर लहान मुले आहेत, पुढचा थांबा कधी येईल?" मूल कळवळून रडू लागल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेले माणसाला पटते. माझी मुले लहान असताना अशीच एकदा घाटाच्या अलीकडे गाडी थांबली होती. कंडक्टरने बेल मारली, शेजारच्या आजींनी धाकटीला मांडीवर घेतले आणि मी थोरल्याला घेऊन उतरले. तीन मिनिटांचे काम. गाडीत कुणी हू की चू केले नाही. लोक वाईट नसतात. त्यांना सांगावे लागते.

आता खरा पेच. स्वच्छतागृहाच्या दारात तुम्ही पोचलात. हात दोन आणि मुले तीन. येथे एकच नियम पाळावा. आत जायचे तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही. "तू इथे बाहेर उभा राहा, मी आले," हे पाच-सहा वर्षांच्या मुलाला गर्दीच्या जागी कधी सांगू नये. त्याच्या दृष्टीने दोन मिनिटे फार मोठी असतात. ते आईला शोधायला निघते आणि हरवते. सगळे आत गेल्यावर प्रत्येकाला एकेक काम द्यावे. थोरल्याने पिशवी धरायची, मधलीने भिंतीला हात न लावता दाराकडे तोंड करून वीसपर्यंत आकडे म्हणायचे. कामात असलेले मूल खोड्या करत नाही, कुठे हातही लावत नाही. आईची स्वतःची पाळी येते तेव्हाही हेच. मुले आतच, पाठमोरी. यात लाजण्यासारखे काही नाही. आईनेही जायचे असते, हे मुलांना कळले तर बरेच आहे.

आत शिरण्याआधी ओढणी, पदर किंवा बुरख्याचा घोळ वर खोचून घ्यावा. सलवारीचे पाय दुमडावेत. नऊवारीतल्या आजीला, बुरख्यातल्या आईला आणि पंजाबी ड्रेसमधल्या मावशीला ओली फरशी एकाच मापाने छळते. पिशवी गळ्यात आडवी अडकवावी. खाली ठेवू नये. भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर लहान मुलाचे पाय पुरत नाहीत आणि ते घसरण्याला भिते. त्याच्या मागे उकिडवे बसून त्याला दोन्ही मांड्यांखाली हात घालून धरावे, म्हणजे ते निर्धास्त होते. कमोड असेल तर चड्डीचा एक पाय पूर्ण काढावा आणि मुलाला टाकीकडे तोंड करून बसवावे. मग त्याला धरायला टाकी मिळते आणि ते आत पडत नाही. काही मॉलमध्ये आपोआप पाणी सोडणारे कमोड असतात. मूल अजून बसलेले असतानाच ते खळाळते आणि मूल असे घाबरते, की पुढे महिनाभर कमोडवर बसत नाही. तिथल्या छोट्या काचेच्या डोळ्यावर कागदाचा तुकडा धरला, की काम होईपर्यंत तो गप्प राहतो. मोठ्या मुलाला एकट्याला आत पाठवले तर कडी न लावता दार नुसते लोटायला सांगावे आणि आपण बाहेरून दार धरावे. कडी अडकून आत कोंडलेले मूल बाहेर काढणे फार कठीण जाते.

रोगांच्या भीतीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कमोडच्या बैठकीला मांडी लागली म्हणून रोग होतो, ही भीती मोठीच वाढलेली आहे. धड कातडीतून जंतू सहसा आत जात नाहीत. ते जातात हातांतून तोंडात. म्हणून बैठक पुसण्यात जेवढा जीव घालवतो, त्यापेक्षा जास्त लक्ष हातांकडे द्यावे. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांसकट वीस सेकंद हात चोळून धुवावेत. हात मळलेले असतील तर बाटलीतले सॅनिटायझर साबणाची जागा घेत नाही. आणि मुलींना धुताना नेहमी पुढून मागे धुवावे, मागून पुढे नव्हे.

आता दारावरच्या पाट्यांकडे वळू. एकीवर 'स्त्रिया', दुसरीवर 'पुरुष'. या पाट्या लावणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे, की प्रत्येक माणूस एकटे येते. पण सात वर्षांच्या मुलाची आई कुठे जाणार? आणि चार वर्षांच्या मुलीचा बाप? आई मुलाला बायकांच्या बाजूला घेऊन जाते आणि एखादी कपाळाला आठी घालते. बापाची अडचण त्याहून बिकट. मुलीला पुरुषांच्या मुतारीतून न्यायला त्याचा जीव होत नाही आणि बायकांच्या बाजूला त्याला पाऊल टाकता येत नाही. माझा मुलगा त्याच्या लेकीला घेऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याची ही घालमेल मी पाहते. त्याला मी सांगितले, की आधी तिथल्या सफाई करणाऱ्या मावशींना हाक मारायची, "मावशी, लेकीला जायचे आहे, आत कुणी आहे का?" त्या बहुतेक वेळा वाट करून देतात, आणि आपण दारातूनच मुलीशी मोठ्याने बोलत राहायचे. तेही जमले नाही, तर सरळ पुरुषांच्या बाजूच्या दार असलेल्या खोलीत तिला घेऊन जायचे. तिचे डोके आपल्या खांद्यावर, आणि थेट आत. लहान मुलीची गरज ही आधी गरज असते. अमेरिकेत २०१६ मध्ये असा कायदा झाला, की केंद्र सरकारच्या, लोकांना खुल्या असलेल्या इमारतींत बाळाचे कपडे बदलायचे फळकूट पुरुषांच्या स्वच्छतागृहातही हवे. बापही बाळाला घेऊन येतो, एवढी साधी गोष्ट त्यात मानली गेली.

मुलगा सात-आठ वर्षांचा झाला, की तो पुरुषांच्या बाजूला एकटा जाऊ लागतो. त्याला आधी काही शिकवून ठेवावे. आत कुणाशी गप्पा नाहीत, कुणी मदत करतो म्हटले तरी नको म्हणायचे, आपल्या अंगाला कुणी हात लावू पाहिला तर ओरडायचे आणि बाहेर धावत यायचे. आपण दाराशी उभे राहून त्याला नावाने हाक मारत राहावे; आतल्या माणसांनाही कळते, की याचे कुणीतरी बाहेर आहे. मुलांना आपल्या अवयवांची साधी नावे माहीत असावीत, म्हणजे काही वावगे घडले तर त्यांना सांगता येईल. मुलांसाठीच्या मदतीचा १०९८ हा फोन क्रमांक त्यांना पाठ करून द्यावा. पडद्याआडचे शब्द येथे मुलांच्या उपयोगी पडत नाहीत.

एवढे करूनही एखाद्या दिवशी चड्डी ओली होते. पाच वर्षांच्या मुलाचेही क्वचित असे होते, त्यात जगावेगळे काही नाही. तेव्हा आवाज चढवू नये. ओले अंग ओढणीने किंवा वर्तमानपत्राने झाकावे, आडोसा गाठून कपडे बदलावेत, आणि "होते असे, पुढच्या वेळी लवकर सांग," एवढेच म्हणावे. लोकांसमोर मारलेली चापट मूल विसरत नाही. पुढच्या वेळी ते सांगतच नाही, दाबून धरते. आणि दाबून धरण्याचे परिणाम आपण वर पाहिले.

इथवर मी आईने काय करावे ते सांगितले. पण सगळा भार तिच्याच पिशवीत भरून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्याकडे या बाबतीत थोडी वाटचाल झाली आहे. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला आणि गोरगरिबांच्या मुक्कामासाठी पंढरपूर, नाशिक, मुंबईत धर्मशाळा बांधवल्या. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये बिहारात सुलभ ही संस्था सुरू केली आणि पैसे देऊन वापरायची सार्वजनिक शौचालये देशभर उभी राहिली. पण त्यात एक असमानता राहिली. पुष्कळ ठिकाणी पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र प्रत्येक वेळी पैसे, कारण त्यांना दाराची खोली लागते. या अन्यायाविरुद्ध २०११ पासून मुंबईत अनेक संस्थांनी मिळून 'राइट टू पी' ही मोहीम चालवली. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'ने केलेल्या जनहित याचिकेवर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. स्त्रियांना स्वच्छ स्वच्छतागृहे पुरवणे हे महापालिकांचे कर्तव्य आहे आणि ही बाब घटनेच्या २१ व्या कलमातल्या सन्मानाने जगण्याच्या हक्काशी जोडलेली आहे, असे न्यायालयाने म्हटले.

या सगळ्यात बाईचा विचार झाला. तिच्या कडेवरच्या मुलाचा अजून पुरता झालेला नाही. एसटी स्टँडवर बाळाला दूध पाजण्यासाठी हिरकणी कक्ष असतात. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे धावणाऱ्या मातेचे नाव त्यांना दिले, हे छानच. पण दूध प्यायलेले बाळ पुढे काय करणार, हेही हिरकणीला ठाऊक होते! मागण्या मोठ्या नाहीत. दहांतली एक खोली इतकी रुंद, की आई आणि दोन मुले आत मावतील. दाराच्या आतून एक भक्कम खुंटी. सामानाला एक फळी. मुलाच्या उंचीचा एक नळ. झाकणाचा कचऱ्याचा डबा. आणि स्त्री-पुरुष अशी पाटी नसलेली, कुटुंबासाठीची एक खोली, जिथे आजोबा नातीला आणि आई मुलाला घेऊन जाऊ शकेल. खुंटी बसवायला दोन स्क्रू लागतात. तिच्यासाठी कुठल्या योजनेची वाट पाहायला नको. स्टँडच्या व्यवस्थापकाने, दवाखान्याच्या अधीक्षकाने, मशिदीच्या किंवा देवळाच्या विश्वस्तांनी मनात आणले तर येत्या आठवड्यात ती भिंतीवर असेल.

आणि आपण, जे आज एकटे, मोकळ्या हातांनी बाहेर पडतो, आपल्यालाही थोडे करता येते. रांगेत मागे मूल घेतलेली आई दिसली की तिला पुढे जाऊ द्यावे. ती मागणार नाही, संकोचते. आपण म्हणावे, "ताई, तुम्ही आधी जा." दुकानदाराने मागच्या बाजूची किल्ली हसतमुखाने द्यावी. बायकांच्या बाजूला सात वर्षांचा मुलगा दिसला तर आठी घालू नये, आणि दारात घुटमळणारा बाप दिसला तर "दादा, मुलीला द्या, मी दाराशी थांबते," असे म्हणावे. मग एखादी आई निश्चिंतपणे पाण्याची बाटली उघडेल, दोन घोट मुलांना देईल आणि दोन घोट स्वतःही पिईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)